चौऱ्याहत्तर सेंटिमीटरचं पाऊल

काकांचं पाऊल चौऱ्याहत्तर सेंटिमीटरचं होतं. हे मी अंदाजाने सांगत नाही. दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ॲन आर्बरच्या त्यांच्या घरासमोरच्या ड्राइव्हवेवर खडूची एक सरळ रेघ ओढली जायची. काका तिच्यावरून नेहमीच्या चालीने वीस पावलं चालायचे. मी टेप धरायचो. आलेल्या लांबीला वीसने भागून ते उत्तर एका हिरव्या आलेखवहीच्या पहिल्या पानावर लिहायचे. मी पहिल्यांदा टेप धरली त्या वर्षी चौदा मीटर ऐंशी सेंटिमीटर भरलं होतं.

शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं, ड्राइव्हवे नवीन करून घेताय का? काका म्हणाले, "नाही, माझी मोजपट्टी तपासतोय." बाई हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

या पावलाने ते जर्मनीतले पडके किल्ले मोजायचे. मोझेल नावाची नदी आहे तिकडे, वळणं घेत घेत जाणारी. दोन्ही काठांना द्राक्षांचे मळे, तेही इतक्या उभ्या चढावर की तोडणीच्या माणसांना वर नेण्यासाठी एका रुळावर चालणारा चिमुकला गाडा असतो. प्रत्येक वळणाला एक गाव आणि बहुतेक गावांच्या डोक्यावर एक किल्ला. काका दर ऑक्टोबरला नऊ दिवस तिथे एकटे जायचे. ते माझे घरमालक. मी इथे शिकायला आलो तेव्हा त्यांच्या बेसमेंटमध्ये दोन वर्षं राहिलो. पुढे नोकरी याच गावात लागली, घर घेतलं ते त्यांच्या घरापासून बारा मिनिटांवर, त्यामुळे टेप धरायचं काम माझ्याकडेच राहिलं.

जन्मभर त्यांनी मोटारींचे ब्रेक तपासले. कारखान्याने त्यांना एकदा कामासाठी जर्मनीला पाठवलं होतं. तिथल्या एका रिकाम्या रविवारी ते आगगाडीत बसले, चुकीच्या स्टेशनवर उतरले आणि मान वर करून बघितलं तर मळ्याच्या वर अर्धा बुरूज उभा. "अर्धाच होता म्हणून गेलो," ते सांगायचे. "पूर्ण असता तर पुढची गाडी पकडली असती."

शाबूत किल्ल्यांचं त्यांना वावडं होतं. "तिथे तिकीट असतं, दोरी असते आणि इथे बसू नका अशी पाटी असते. पडक्यात माणसाने कुठेही बसावं." काकू एकदाच त्यांच्याबरोबर गेल्या. परत आल्यावर दिवाळीच्या फराळाला आम्ही दहा-बाराजण जमलो होतो, सगळ्यांसमोर त्यांनी जाहीर केलं, "छप्पर नसलेली घरं बघायला मी समुद्र ओलांडणार नाही. आणि यांना विचारा, एवढ्या वाइनच्या गावात हे काय पितात ते."

काका द्राक्षाचा रस प्यायचे. वाइन त्यांनी कधी घेतली नाही. ते ज्या घरी उतरायचे तिथली म्हातारी मालकीण, जिचा स्वतःचा मळा होता, ती दर तोडणीला ताज्या रसाच्या चार बाटल्या या भारतीय पाहुण्यासाठी बाजूला काढायची. बदल्यात काका तिच्या स्वयंपाकघरात थालीपिठं लावायचे. भाजणीचा डबा ते मिशिगनहून न्यायचे. विमानतळावर दोनदा तो उघडायला लावला होता. "पीठ आहे म्हणालो. कसलं विचारलं. सात धान्यांची नावं सांगायला लागलो, तिसऱ्यालाच सोडलं."

बेसमेंटमध्ये माझ्या पलंगाच्या बाजूची भिंत काकांच्या नकाशांनी भरलेली होती. हिरवा आलेखकागद, पेन्सिलीची बारीक रेघ. फोटो ते काढत नसत. कागदावरचा एक चौकोन म्हणजे एक पाऊल. मी मोजले होते, एकतीस किल्ले. भिंत जिथे उभी आहे तिथे सलग रेघ, जिथे ढासळली आहे तिथे तुटक, आणि जिथे काहीच उरलं नाही पण पूर्वी असणार असं काकांना वाटलं तिथे नुसते ठिपके.

जानेवारीत बर्फ पडलं की बेसमेंटची ती एकुलती लांबट खिडकी बुजून जायची आणि खोलीत दूध सांडल्यासारखा उजेड पसरायचा. वर्ग रद्द झालेला असायचा. मी पांघरुणात पडून त्या रेघा बघत बसायचो. एका दारातून आत शिरायचं, पाच चौकोन चालायचं, डावीकडे जिना, जिन्याच्या अकरा पायऱ्या, बाराव्या पायरीला तुटक रेघ. मग ठिपके. ठिपक्यांवरून चालताना झोप लागायची. वरच्या मजल्यावर काका चालत असायचे, त्यांच्या पावलांचा आवाज छतातून यायचा, आणि अर्धवट झोपेत मला वाटायचं की ते कुठल्यातरी भिंतीवरून चाललेत आणि मी खाली अंगणात आहे. मी स्वभावाने असा नाही. पण त्या दोन हिवाळ्यांत मी जर्मनीत बराच हिंडलो, एवढं खरं.

किल्ल्यात शिरल्यावर काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: पाणी कुठे? बुरूज नाही, दरवाजा नाही, देखावा तर नाहीच. पाणी सापडेपर्यंत ते दुसरं काही बघत नसत. ही सवय सह्याद्रीतली. कॉलेजात असताना ते आणि त्यांचा मित्र विन्या दर सुट्टीला एखादा गड गाठायचे, आणि वर पोचल्यावर आधी कातळात खोदलेलं टाकं शोधायचं, कारण ते नाही सापडलं तर संध्याकाळी खाली उतरणं भाग होतं. विन्या पुण्यातच राहिला, अमेरिकेला आला नाही, आणि आता तो या जगात नाही. जर्मनीत कातळातली टाकी नव्हती, खोल विहिरी होत्या. काका जाळीतून एक खडा आत सोडायचे आणि घड्याळ बघायचे. एकदा तीन सेकंद आले. त्यांनी आवाज वर यायला लागणारा वेळ वजा केला आणि एक्केचाळीस मीटर लिहिलं. तिथला रखवालदार ओरडत आला. काकांना जर्मन भाषेतले तीन शब्द येत होते, त्यांपैकी दोन माफी मागायचे होते.

पावलं ते मोठ्याने मोजायचे, मराठीत. वाटेवरचे लोक बाजूला होऊन अदबीने उभे राहायचे. त्यांना वाटायचं म्हातारा प्रार्थना करतोय.

त्यांच्या बुटांची गोष्ट मी स्वतः त्यांच्या तोंडून चार वेळा ऐकली आणि चारही वेळा एकही तपशील बदलला नाही. एका पडक्या किल्ल्यात पडकं प्रार्थनाघर होतं. छप्पर नाही, खिडक्या नाहीत, वेदीच्या जागी एक झाड उगवलेलं. काकांनी उंबऱ्याबाहेर बूट काढले आणि आत गेले. देऊळ कुठलंही असो, बूट बाहेर, त्यात त्यांना विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. बाहेर आले तर बूट नाहीत. कुणीतरी सज्जन माणूस तिथून गेला होता. त्याला वाटलं, एखाद्या गिर्यारोहकाचे बूट राहिले बिचाऱ्याचे. त्याने ते उचलून खाली गावातल्या पर्यटन कार्यालयात नेऊन दिले. काका मोज्यांवर, स्लेट दगडाच्या धारदार कपच्यांवरून, दोन किलोमीटर उतरून आले. कार्यालयातल्या मुलीने बुटांना चिठ्ठी लावून ठेवली होती: सापडलेले.

"चोरीला गेले असते तर बरं झालं असतं," काका म्हणायचे. "चोरावर रागावता येतं."

त्यानंतर ते बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून जोडी गळ्यात अडकवायचे आणि मग आत जायचे.

आणि एक भिंत होती. एका किल्ल्याची नदीकडची भिंत त्यांनी पहिल्यांदा मोजली तेव्हा चाळीस पावलं भरली होती. बऱ्याच वर्षांनी पुन्हा मोजली तेव्हा सत्तेचाळीस. "पडका किल्ला वाढतो," काकांनी मला सांगितलं, अगदी गंभीरपणे. मी पेन्सिल घेऊन गणित केलं. त्या वर्षी त्यांचं पाऊल त्रेसष्ट सेंटिमीटरचं होतं. गुणाकार बरोबर येत होता. मी तो त्यांच्यासमोर ठेवला तेव्हा ते म्हणाले, "हिशेबनीस, मला येतो गुणाकार. राहू दे ना किल्ल्याला वाढत." ते मला हिशेबनीस म्हणायचे.

त्यांच्या मुलीचा फोन आला तो ऑगस्टमध्ये, दोन वर्षांपूर्वी. ती फ्रीमाँटला असते. मी बेसमेंटमध्ये राहायचो तेव्हा ती हायस्कूलमध्ये होती, तेव्हापासून मला दादा म्हणते.

"दादा, आई म्हणाली बाबा कॉस्टकोच्या पार्किंग लॉटमध्ये चाळीस मिनिटं गाडी शोधत होते."

"मीही एकदा शोधली आहे."

"त्यांच्याकडे गाडी नव्हतीच रे. आई ड्राइव्ह करून त्यांना सोडून गेली होती." मग ती मुद्द्यावर आली. "आय डोन्ट वॉन्ट टु बी द बॅड गाय. पण ते एकटे जातात, चढतात, फोन बंद ठेवतात. तू या वेळी जाशील का बरोबर? मला फक्त एका प्रश्नाचं उत्तर हवंय. ही कॅन गो अलोन ऑर नॉट? तू म्हणशील ते मी ऐकेन. बाबाही तुझंच ऐकतील, कारण तू इकडेतिकडे बोलत नाहीस."

मी हो म्हणालो. माझी बायको म्हणाली, "जा. पण नुसता प्रेमाने बघू नकोस हं, तुला कामाला पाठवलंय."

काकांपासून काही लपवायचा प्रश्नच आला नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मी टेप घेऊन गेलो तेव्हा त्यांनीच विषय काढला.

"तिने तुला तपासायला पाठवलंय."

"हो."

"बरं केलं. मी आयुष्यभर ब्रेक तपासले, माझा कुणी तपासला तर रागावू कसा? फक्त आकडे लिही. विशेषणं नकोत."

मग ते चालले. वीस पावलं, अकरा मीटर साठ. अठ्ठावन्न सेंटिमीटर. मी म्हणालो, टेप जरा तिरकी झाली असेल. "टेप सरळ होती," ते म्हणाले आणि आकडा वहीत लिहिला.

डेट्रॉइटहून विमान आणि मग दोन आगगाड्या. खिडकीतून नदी दिसायला लागली. मळे पिवळे पडले होते. वेली एकेका काठीला बांधलेल्या, फांद्या वाकवून बदामाच्या आकारात. सकाळी नदीतून धुकं वर चढायचं, गाव त्यात बुडायचं, चर्चचं टोक तेवढं बाहेर राहायचं आणि त्याच्याही वर, कशाचाही आधार नसल्यासारखा, किल्ला. बेसमेंटमधल्या पलंगावरून मी जे बघायचो त्याच्याशी हे इतकं जुळत होतं की दोन दिवस मला आपण नक्की जागे आहोत का असं वाटत राहिलं. काका पुढे चालायचे, पंधरा, सोळा, सतरा, त्यांचा आवाज धुक्यातून यायचा, माणूस दिसायचा नाही.

पण मी नोंदी ठेवत होतो. ठरवलेले किल्ले आठ, झाले पाच. सर्वांत मोठा चढ: बावन्न मिनिटं, त्यांच्याच जुन्या वहीत तोच चढ एकतीस मिनिटांचा होता. पडले: शून्य. गोळ्या चुकल्या: शून्य. पासपोर्ट हरवला: एकदा, खिशातच होता. नदीकडची ती भिंत: एक्कावन्न पावलं. "बघ," काका म्हणाले, "अजून वाढतेय."

एक रकाना होता 'वाट चुकले'. त्यातली पहिली नोंद दुसऱ्या दिवसाची. मळ्यात वाट फुटते तिथे ते खाली जाणाऱ्या वाटेला लागले. त्या जागी ते आधी अकरा वेळा आले होते. मी हाक मारली, ते लगेच परतले. मी 'एक' लिहिलं आणि ती नोंद फार मोठी नाही अशी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर मला उत्तर 'हो' यायला हवं होतं. ते नऊ दिवस म्हणजे त्या माणसाचं वर्ष होतं. उरलेले महिने तो वही पुसून नीट करायचा.

दुसरी नोंद सहाव्या दिवसाची. उंचावरचा किल्ला, वस्तीपासून लांब. धुकं वर आलं होतं आणि आमच्याबरोबर आत शिरलं होतं. काका म्हणाले, "आधी पाणी." मी म्हणालो विहीर समोरच आहे, तुमच्या नकाशात आहे. "विहीर नाही, टाकं. मागच्या कड्याला आहे, खांब कोरलेले आहेत आत." एवढं बोलून ते भिंतीमागे गेले. मी बुटाची नाडी बांधत होतो. बांधून उठलो तर नुसतं पांढरं.

मी हाका मारल्या. आवाज भिंतीला लागून माझ्याकडेच येत होता. नकाशातले चौकोन मला पाठ होते, मी त्यांच्यावरूनच चाललो. दारातून पाच, डावीकडे वळून नऊ. तिथून पुढे कागदावर ठिपके होते. इथे खाली कातळ होता आणि त्याखाली, दिसत नव्हता पण होता, मळा.

ते भिंतीच्या खिंडारात बसले होते. पाय बाहेर सोडलेले. अगदी निवांत, एखादा विशीतला पोरगा बसावा तसे. मागे न बघता म्हणाले, "विन्या, दोर आणलास का?"

मी हळूच त्यांच्याजवळ बसलो. त्यांच्या जाकिटाची मागची बाजू मुठीत घट्ट धरली.

"आणलाय," मी म्हणालो.

"मग घाई नाही. धुकं उतरलं की टाकं दिसेल. गार पाणी असतं रे, दात कळवळतात."

"हो."

"तू त्या वेळी सगळं एकट्याने प्यायलास."

"चुकलं माझं."

ते हसले. किती वेळ बसलो कोण जाणे. खालून एकरुळी गाड्याचा घरघर आवाज आला, द्राक्षं उतरवत असावेत. काका दचकले, खाली बघितलं, माझ्या मुठीकडे बघितलं आणि एकेक पाय आत घेतला. "चल हिशेबनीस," ते म्हणाले. "भूक लागली." मी घड्याळ बघितलं होतं. हाका मारायला लागल्यापासून ते सापडेपर्यंत चौदा मिनिटं. तेवढंच लिहिलं. विन्याबद्दल लिहायला रकाना नव्हता.

परत आल्यावरच्या शनिवारी सकाळी त्यांच्या किचनमध्ये आम्ही बसलो. काकू कॉफी करत होत्या. टेबलावर फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यात फ्रीमाँट. मी वेगळं टिपण तयार केलं नव्हतं. वहीच घेऊन गेलो होतो. एकेक नोंद वाचली. चढ, मिनिटं, गोळ्या. काका माझ्यासमोर हाताची घडी घालून बसले होते, दुसऱ्या कुणाच्या गाडीचा रिपोर्ट ऐकावा तसे.

"वाट चुकले," मी वाचलं. "दोनदा. एकदा दोन मिनिटं, एकदा चौदा."

"ओके," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात जरा जीव आला. "दोनदा नऊ दिवसांत. ते इतकं वाईट नाही ना, दादा? म्हणजे एखादा ट्रॅकर लावला, फोन चालू ठेवायचं प्रॉमिस घेतलं तर..."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही नक्की माहीत नाही. मला वाटतं, मी 'चालेल' म्हणालो असतो. एका शब्दाचं काम होतं आणि तिघांनाही तो हवा होता.

"तीन," काका म्हणाले.

काकूंचा चमचा थांबला.

"सोमवारी तू पाव आणायला गेलास," ते माझ्याकडे बघून बोलले, "मी स्टेशनवर बाकावर होतो. आपण कुठल्या देशात आहोत ते मला कळेना. विन्याची वाट बघतोय असं वाटलं, मग तेही वाटेना. समोरची पाटी वाचली. ती वाचता येत होती, पण अर्थ लागेना. मग तू पाव घेऊन आलास आणि तुला बघून लागला. स्टेशनचं घड्याळ समोर होतं. सहा मिनिटं."

"अहो," काकू म्हणाल्या, "मला का नाही सांगितलं?"

"तपासणी चालू होती गं."

"बाबा..." फोनमधून आवाज आला.

"तुझा प्रश्न काय होता?" काकांनी फोनकडे वाकून विचारलं. "एकटा जाऊ शकतो का. बरोबर?"

"बाबा, आपण नंतर बोलू, इट्स ओके."

"नाही जाऊ शकत," काका म्हणाले.

त्यांनी वही माझ्याकडून ओढून घेतली, माझी पेन्सिल मागितली, 'वाट चुकले' समोरचा दोन खोडून तीन केला आणि खाली मिनिटांची बेरीज करायला लागले. दोन, चौदा, सहा. पेन्सिल बेरजेवर थांबली. इतका साधा हिशेब, पण तो त्यांचा त्यांनाच करू दिला. बऱ्याच वेळाने त्यांनी बावीस लिहिलं, एकदा तपासलं, आणि त्याखाली तारीख घालून सही केली.